काळ्या पट्टीचा माग

पोरगी पैसे उडवते म्हणून कपाळाला हात लावणारे बाप आमच्या धानोऱ्यात गल्लोगल्ली सापडतील. पोरगी पैसे उडवत नाही म्हणून ज्याला जेवण जात नाही असा बाप मात्र एकच. देवाजीभाऊ.

"विलास, तीन दिस झाले," माझ्या दुकानातल्या युरियाच्या पोत्यावर बसून ते सुतकी चेहऱ्यानं सांगत, "पोट्टीनं रुपया नाई खर्चला. काय करून राह्यली असन बाप्पा?"

"वाचवून राह्यली असन."

"वाचवाले काय झालं तिले? मी मेलो का?"

माझा पोरगा नागपूरला असतो आणि त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून मला पाणी प्यावं लागतं. भाऊंच्या घरी सगळं उलटं. स्वतः भाऊ इतके चिकट की बाहेरचा चहा त्यांनी आयुष्यात विकत घेतला नाही. रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी खात्याची खाकी पँट घालतात. विचारलं तर म्हणतात, कापड चांगलं हाये अजून. पण पुण्यातल्या पोरीनं नवी बादली घेतली, की हा माणूस खुशीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना थांबवून सांगणार.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत, फवारणीची औषधं, आणि गल्ल्याशेजारी कार्ड घासायचं एक मशीन. मशीन मी हौसेनं घेतलं. कार्डवालं गिऱ्हाईक इतकं कमी, की कोळ्यानं त्याच्यावर दोनदा घर केलं होतं. देवाजीभाऊ माझे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी भामरागडपासून इकडच्या जंगलापर्यंत फॉरेस्ट गार्ड म्हणून काढली, आणि नोकरी सुटली तरी त्यांची नजर काही जमिनीवरून उठली नाही. रस्त्यानं जाताना ते कोणाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, पायाकडे पाहतात. माणूस गेला की मागून धुळीत बघून त्याची बातमी सांगतात.

"गुर्जी आज शाळेत नाई चालले. वावरात चालले."

"ते तर म्हणाले शाळेत जातो."

"तोंड खोटं बोलते विलास. पाऊल नाई बोलत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याच्या जोडीला जंगलातले दोन नियम, तेही कायम तोंडावर. जनावराच्या मागं जायचं, म्होरं नाही. आणि हाक तर कधीच मारायची नाही. हाक मारली की जनावर बिचकतं, दूर जातं, मग कधी दिसत नाही. हे नियम त्यांनी वाघांना लावले तोवर ठीक होतं. पुढे पोरीलाही लावले.

प्रणाली ही त्यांची एकुलती एक. ती शिकायला पुण्याला निघाली, तेव्हा तिच्या मामानं तिला एक वापरलेला पण भारी फोन दिला. त्या फोनची एक करामत होती. कार्ड एकदा त्याच्यात भरलं, की कार्ड बरोबर न्यायची गरज नाही. फोन मशीनच्या खाचेजवळ धरला की मशीनला वाटायचं कार्डच घासलं. तेव्हा घरात ठरलं, बाबांचं पेन्शनचं कार्ड तिच्या फोनमध्ये भरायचं. कार्ड इथं बाबांच्या खिशात, खर्च तिथं पुण्यात.

हा सोहळा माझ्या दुकानात झाला, कारण मशीन माझ्याकडे. भाऊंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं, फुंकर मारली, शर्टाला पुसलं, कपाळाला लावलं. कार्डाच्या पाठीवर जी काळी पट्टी असते, तिच्यावर त्यांची फार श्रद्धा. आपलं सगळं पेन्शन त्या पट्टीत भरलेलं आहे अशी त्यांची समजूत होती. कार्ड उन्हात धरत नसत. पट्टी वितळन म्हणत.

प्रणालीनं फोनमध्ये कार्डाचा नंबर टाकला. बँकेकडून भाऊंच्या मोबाईलवर आकडे आले.

"बाबा, सांगा."

भाऊंनी मोबाईल छातीशी धरला. "नाई सांगत."

"अहो बाबा!"

"बँकेच्या साहेबानं सांगतलं हाये, हा आकडा कोनालेच द्याचा नाई."

"मी कोन हाये मग?"

"तू पोट्टी हायेस. पन साहेबानं पोट्टीले द्या असं नाई सांगतलं."

शेवटी त्यांनी तिचा फोन स्वतःच हातात घेतला, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून ओढला आणि त्याच्या आत बसून एका बोटानं आकडे दाबायला लागले. तेवढ्यात वेळ संपली. पुन्हा नवे आकडे, पुन्हा दुपट्टा. धानाचं बी न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक मला हळूच विचारतं, भाऊ वाफारा घेऊन राह्यले का?

कसंबसं कार्ड फोनमध्ये दिसायला लागलं. भाऊंनी हातातलं कार्ड उलटून पाहिलं. पट्टी जागच्या जागी.

"मंग तिकडे काय गेलं?"

पट्टीत जे भरलेलं असतं त्याची नक्कल, असं प्रणालीनं समजावलं. भाऊ विचारात पडले आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे ठसा!" वाघांच्या मोजणीत त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. चिखलातल्या पावलात पांढरं प्लास्टर ओतायचं, वाळलं की उचलायचं. वाघ जंगलात, ठसा हापिसात, आणि साहेब ठसा पाहून म्हणणार की वाघ आहे. "बराबर. कार्ड माह्याजवळ, ठसा पोट्टीजवळ. मशीन ठसा पाह्यते आन् म्हनते, देवाजी आला."

खरंखोटं करायला प्रणालीनं भेंडीच्या बियांचं एक पाकीट घेतलं आणि फोन मशीनजवळ धरला. मशीननं कुरकुरत चिठ्ठी बाहेर काढली. त्याच क्षणी भाऊंच्या खिशात मोबाईल वाजला. मी मेसेज वाचून दाखवला. एवढे रुपये गेले, अमक्या दुकानात.

"भैताड मशीन हाये," भाऊ हसले. "मी त इथी पोत्यावर बसून आहो." मग मोबाईलकडे बघत म्हणाले, "इथी घेतलं, इथी वाजलं. पुन्यात घेतलं त?"

"तरी इथेच वाजेल, बाबा."

भाऊंनी मोबाईल खिशात ठेवला आणि वरून दोनदा थोपटला. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

प्रणाली गेली. वहिनी रोज फोनवर तिच्याशी भरपूर बोलायच्या. भाऊ फोनवर यायचे नाहीत. वहिनी फोन पुढं करायच्या, भाऊ हातानं नको नको म्हणत अंगणात निघून जायचे. मी एकदा म्हटलं, भाऊ, दोन शब्द बोलत जा. तर म्हणाले, "बोलून काय होते? मायले सांगते जेवली, मायले सांगते झोपली. तोंडच ते."

पाऊल मात्र त्यांच्या खिशात रोज वाजत होतं. पुण्याहून पहिला मेसेज आला तेव्हा मोबाईल दोन्ही हातांवर धरून ते दुकानात आले. अक्षरं इंग्रजी, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. कुठल्याशा कँटीनचं नाव होतं. "पानवठा सापडला तिले," भाऊ म्हणाले, आणि तसेच घरी वहिनींना सांगायला गेले.

मग तो नेमच झाला. पुणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण थोड्याच दिवसांत पोरीचा सगळा वावर त्यांना तोंडपाठ झाला. हे तिचं पाण्याचं ठिकाण, हे खाण्याचं, ही येण्याजाण्याची वाट. कँटीनचा मेसेज उजाडताच आला की परीक्षा. दुपारच्या जेवणाचा आलाच नाही, की भाऊंचं ताटही तसंच. प्रत्येक मेसेजनंतर ते खिशातून कार्ड काढून पट्टी निरखायचे. एवढी घासाघीस चालली आहे तर झिजत असेल, ही शंका. "झिजली नाई," म्हणून परत ठेवायचे.

त्यांचं वाचन बिनचूक असतं असं कोणी समजू नये. एकदा मेडिकल स्टोअरचा मेसेज आला. पोरीला ताप चढला असं ठरवून त्यांनी भुईनीम वाटला, मधाची बाटली भरली आणि पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली. पोरीनं शाम्पू आणला होता. 

दुसऱ्या वेळी तर कहर झाला. एकाच दिवशी लागोपाठ तीन मेसेज. भांड्यांचं दुकान, कापडाचं दुकान, मिठाईचं दुकान. भाऊ आले, माझं शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, "विलास, पोट्टीनं लगन केलं."

"काय बोलता भाऊ!"

"भांडे घेतले, कपडा घेतला, मिठाई वाटली. आनखी काय पाह्यजे? हत्ती?"

"फोन करून विचारा ना."

"हाक नाई माराची," ते म्हणाले.

आठवडाभर हा बाप तोंड पाडून बसला. वहिनींना चकार शब्द नाही. आठवड्याच्या शेवटी दुकानात आले तेव्हा चेहरा जरा निवळला होता. "पोट्टा बरा असन," म्हणाले. "मिठाई जास्तीची घेतली तिनं. म्हंजे खुश हाये." त्याच संध्याकाळी वहिनींच्या फोनवर उलगडा झाला. खोली बदलली म्हणून बादली आणि पडदे, आणि मैत्रीण पास झाली म्हणून पेढे. भाऊ सुटले खरे, पण मला वाटतं थोडे हिरमुसलेही. तोवर त्यांनी जावयाला मनातून घरात घेतलं होतं.

दिवाळीला प्रणाली आली की बापलेकीत बोलणं असं नसेच. तिनं पाया पडायचं, त्यांनी हं म्हणायचं, झालं. पण ती आत गेली की भाऊ दारातल्या तिच्या चपला उलट्या करून तळवे बघत. एकदा मी ओसरीवरच होतो. "टाच पार गेली," मला दाखवून म्हणाले. "पायदळ हिंडते. रिक्षा नाई करत." पोरगी परत गेली तेव्हा वहिनींना सांगितलं, तिले म्हना नव्या चपला घे. आणि चपलांच्या दुकानाचा मेसेज येईपर्यंत माणूस जागचा हलला नाही. आला, तेव्हा त्यांनी माझ्या दुकानात सगळ्यांना गूळ वाटला. विचारणाऱ्याला काय सांगावं हे मलाच कळेना.

प्रणालीला नोकरी लागली त्याच सुमारास बँकांनी जुनी, नुसत्या पट्टीची कार्डं बंद करायला घेतली. नवी आली, पाठीवर तशीच पट्टी, पण पुढच्या बाजूला सोनेरी टिकली. भाऊंनी आपलं पाकिटातून काढलंच नाही. माही पट्टी चांगली हाये म्हणाले. एक दिवस मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. बँकेत गेले तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, जुनं कार्ड बंद झालं भाऊ, आणि कार्ड गेलं की त्याची फोनमधली नक्कल पण गेली.

वहिनींनी पोरीला फोन करून विचारलं, नवं कार्ड भरतेस का. ती म्हणाली, "राहू दे आई. बाबांनी खूप केलं. आता माझा पगार येतो, माझं स्वतःचं कार्ड आहे. बाबांना म्हणा, आता सुटलात."

गावानं भाऊंचं अभिनंदन केलं. पोरगी पायावर उभी राहिली, बापाचा खर्च संपला. भाऊ सगळ्यांना हो हो म्हणत होते. मग माझ्याकडे येऊन पोत्यावर बसले.

"माग तुटला," म्हणाले.

रोज येत राहिले. मोबाईल हातात, त्यात शेवटचा मेसेज, त्याच कँटीनचा. मी म्हटलं, कशाला बघता पुन्हा पुन्हा? तर त्यांनी मला जंगलचा आणखी एक नियम सांगितला. माग तुटला की इकडे तिकडे धावायचं नाही, शेवटच्या ठशापाशी बसून राहायचं. जनावर कधीतरी फिरून येतं. हे सांगताना त्यांचा आवाज साधाच होता, पण मला गल्ल्यातली चिल्लर उगीच सारखी करावीशी वाटली. माणूस उतरत चालला होता. दाढी वाढली, पँट सैल झाली. वहिनी म्हणायच्या जेवत नाहीत. रस्त्यानं गुरुजी गेले, कोण गेलं, भाऊ खाली बघेनासे झाले.

पोळ्याला प्रणाली आली. दुकानात मला भेटायला आली तर मी बोलता बोलता म्हणालो, "तुमच्या कँटीनचा चहा आता बंद का गं? की दुसरीकडे पितेस?"

"तुम्हाला कसं माहीत, काका?"

मग मी सगळं सांगितलं. पाणवठा, शाम्पू, भुईनीम, न झालेलं लग्न, चपला, गूळ. लग्नाच्या गोष्टीला ती पोट धरून हसली. चपलांना स्वतःच्या पायांकडे पाहिलं. नंतर म्हणाली, "मला वाटायचं बाबांना माझी आठवणच येत नाही. एवढ्या वर्षांत एक फोन नाही. मैत्रिणींचे बाबा रोज करायचे, मी त्यांना सांगायची, माझे बाबा जंगलातले आहेत, त्यांना जमत नाही." मी पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी ती बापाला ओढून दुकानात घेऊन आली. भाऊंचं नवं कार्ड तिनं आपल्या नव्या फोनमध्ये भरलं. यावेळी दुपट्टा न घेता भाऊंनी आकडे सांगितले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं. "हे अडीनडीला राहील बाबा. पण मी तुमचे पैसे आता खर्च करणार नाही. आता तुम्ही माझे करायचे." असं म्हणून तिनं आपला जुना फोन, तोच मशीनला फसवणारा, त्यांच्या हातात ठेवला. त्यात तिनं स्वतःचं कार्ड भरलं होतं. "रोज काहीतरी घ्या. मेसेज मला येईल. मला कळू दे, बाबा आहेत."

"माह्या मागं लागते का तू?" भाऊ कावरेबावरे झाले. जन्मभर दुसऱ्याचा माग काढलेला माणूस, त्याच्या मागावर कोणी असण्याची त्याला सवय नव्हती.

पण ती गेली, आणि संध्याकाळी भाऊ दुकानात हजर. फोनवर फुंकर मारली, शर्टाला पुसला, कपाळाला लावला आणि मशीनच्या खाचेतून फोनच घासायला लागले. मी हात धरून नुसता जवळ धरायला शिकवलं. दोडक्याच्या बियांचं एक पाकीट. मशीन कुरकुरलं. "गेला का ठसा?" "गेला." समाधानानं घरी गेले.

तेव्हापासून रोज एक पाकीट. माझ्या दुकानात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच. दोडका, कारली, वाल, भोपळा. मशीनवाल्या कंपनीनं कापून घेतलेले पैसे वजा करता मला त्यात काय उरतं ते विचारू नका. उंदराचं औषध मात्र त्या फोनवर घेत नाहीत, रोख घेतात. म्हणे पोट्टी घाबरन. मेसेजमध्ये फक्त दुकानाचं नाव असतं, काय घेतलं ते नसतं, हे मी शंभरदा सांगितलं. ते म्हणतात, माझी पोरगी आहे, ती बरोबर वाचेल.

बियाणं घेतलं तर टाकायला नको, म्हणून ते पेरतात. त्यांचं अंगण, कुंपण, न्हाणीघर, सगळ्यावर वेल चढले. फाटकापासून दारापर्यंतची पायवाट दिसेना. दोडके घेऊन ते दारोदार जातात, आणि आमच्या गल्लीत लोक त्यांची चाहूल लागली की आतून कडी लावतात. माझ्या घरी दोडक्याच्या शिरांचीसुद्धा चटणी होते.

सगळं छान चाललं होतं. पण मला एक दिसत होतं. पोरीला मेसेज जात होता, भाऊंना येत नव्हता. ती शब्दाला पक्की, बापाच्या कार्डाला हात लावत नव्हती. भाऊ माग सोडत होते, आणि त्यांचा स्वतःचा मोबाईल खिशात मुका पडला होता. फोन मशीनला लावून झाला की ते थोडा वेळ उगीच थांबायचे, दुसऱ्या खिशावर हात ठेवून.

मग यंदाच्या पावसाळ्यातली ती संध्याकाळ. भामरागडकडची वाट बंद झालेली, इकडेही पाऊस थांबायला तयार नाही, आणि लाईट सकाळपासून गेलेली. मी शटर ओढायच्या बेतात होतो. एवढ्यात भाऊ आले, नखशिखांत भिजून.

"दोडका दे."

"मशीन मेलं भाऊ. बॅटरी संपली."

"पाह्य ना आनखी एकदा."

"दुपारीच पाह्यलं. रोख द्या, नाहीतर उद्या न्या."

"रोखीचा मेसेज जाते का?" ते खेकसले, आणि पोत्यावर बसले. "पोट्टी वाट पाहून राह्यली असन. तिले माग वाचता नाई येत अजून. म्हनन, बाप पडला कुठी."

"पेट्रोल पंपावर मशीन आहे, पण तिथंही लाईट नाही," मी म्हटलं. "टॉवर मात्र चालू आहे. फोन करा की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग पोरीनं दिलेला फोन माझ्यापुढे धरला. "तू लाव."

मी लावला आणि त्यांच्या कानाशी दिला. भाऊ उठून उभे राहिले, साहेबापुढे राहतात तसे. पहिल्या घंटीलाच पोरीनं उचलला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा? काय झालं? आज मेसेज नाही आला."

"दोडका," भाऊ म्हणाले. "एक पाकीट. विलासच्या दुकानातून. मशीन बंद हाये म्हनून तोंडानं सांगून राह्यलो."

तिकडून हसण्याचा आवाज आला. मग तिनं काहीतरी विचारलं.

"हो. जेवलो. नाई, नाई भिजलो." त्यांच्या दुपट्ट्याचं पाणी माझ्या बियाण्यांच्या पाकिटांवर टपकत होतं.

आता ठेवतील असं मला वाटलं. ठेवला नाही. माझ्याकडे पाठ करून ते दाराशी गेले. "प्रणाली," म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून पोरीचं नाव ऐकलं नव्हतं. कायम पोट्टीच. "घरी ये ना माय. सनावाराची वाट नको पाहू. मेसेज वाचून नाई होत वो. मले तुले पाहाचं हाये."

भाऊंनी फोन कानावर आणखी दाबून धरला.

"रडून काऊन राह्यली?" भाऊ म्हणाले. "मी? मी कुठी रडून राह्यलो. पानी येऊन राह्यलं बाहेर."

फोन ठेवून ते परत पोत्यावर बसले. "मारली बाप्पा हाक," मला म्हणाले. "सारी जिंदगी नाई मारली. बिचकली त?"

"काय म्हणाली ती?"

"येतो म्हनली." मग मान हलवून, "पन तोंडच ते."

मी मेणबत्ती शोधायला लागलो. ती सापडून पेटवेपर्यंत दुकानात नुसता पावसाचा आवाज होता. आणि त्या आवाजात भाऊंच्या दुसऱ्या खिशातला, तो मुका पडलेला मोबाईल वाजला.

मीच त्यांच्या खिशातून काढला आणि मेणबत्तीशी धरला. त्यांच्या कार्डावरून पैसे गेले होते. नाव एका ट्रॅव्हल्स कंपनीचं होतं.

"कायचं हाये?" त्यांनी विचारलं.

"बसचं तिकीट आहे, भाऊ. तुमच्या कार्डावर काढलं तिनं."

भाऊंनी पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड काढलं, माझ्या टेबलावरचं फडकं घेऊन पाठीवरची काळी पट्टी पुसली, मेणबत्तीच्या उजेडात निरखली आणि कपाळाला लावली. आणि तसेच उठून पावसात निघाले.

"अजी, थांबा ना! कुठी चालले एवढ्या पाण्यात?"

"वाटेवर दोडक्याचे येल आले सारे," ते पायरी उतरता उतरता म्हणाले. "तोडाले पाह्यजेत. पोट्टी येईन कुठून?"